भागाबाईची बॅटरी

चोपड्याहून सातपुड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर भागाबाईची केळीची बाग. बागेला पाणी देण्याचं काम तिच्या नवऱ्याचं, अभिमनचं. पण त्या आठवड्यात पाण्याच्या मोटारीला लाईट पहाटेच मिळत होती. अभिमन अंधारात बागेत शिरला, अर्ध्या वाटेवर हातातली बॅटरी विझली, आणि पुढची पाण्याची चारी न दिसल्यानं त्याचा पाय तिच्यात मुरगळून मोडला. प्लास्टर चढलं, खाट धरली. बाग मात्र तहानलेली होती.

"उद्यापासून मोटार मी चालू करेल," भागाबाई म्हणाली.

"मोबाईलना उजेड शे ना, तो ने," अभिमन म्हणाला.

"ओल्या हातानं मोबाईल किती दिवस टिकंल? माले बॅटरी जोयजे. पाणीमा पडनी तरी बंद पडाले नको."

अभिमन हसला. अशा बॅटऱ्या जाहिरातीत असतात, असं त्याचं मत. गेल्या दिवाळीपासून घरात तीन बॅटऱ्या येऊन मेल्या होत्या. भागाबाईनं त्या तिन्ही पिशवीत टाकल्या आणि एसटीनं चोपडा गाठलं.

दुकानात न जाता ती आधी अतिकभाईकडं गेली. अतिकभाई बाजारपेठेतल्या बोळात पंखे, इस्त्र्या, बॅटऱ्या दुरुस्त करायचे. तिन्ही बॅटऱ्या त्यांच्यापुढं ठेवत ती म्हणाली, "या दुरुस्त नका करू भाई. फक्त सांगा, या मेल्या कशानं?"

असं विचारणारं गिऱ्हाईक त्यांना आजवर भेटलं नव्हतं. त्यांनी एकेक बॅटरी उघडली. दोन बॅटऱ्यांत चार्जिंगच्या भोकातून पाणी गेलं होतं. तिसरीचं बटण गंजून बसलं होतं.

"मग ज्या बॅटरीला भोकच नाही, अशी घेतली तर?"

"सेलवाली घ्या अक्का. तोंडाचं झाकण फिरवून उघडा, आट्यांवर रबराची रिंग बघा, बटणही रबराखाली पाहिजे. पण दुकानदार दाखवंल ती घेऊ नका. तुम्ही स्वतः बघून घ्या."

रतिलालभाऊंचं पाण्याच्या मोटारींच्या सामानाचं दुकान स्टँडजवळ होतं. त्यांनी आधी एक पिवळीधमक बॅटरी काढली आणि तिचा झोत समोरच्या भिंतीवर फेकला. "पाऊस असो, पाणी असो, काही होत नाही हिला."

"मग एक बादली पाणी आणा," भागाबाई म्हणाली.

"कशाला?"

"हिला बुडवून पाहते."

"अहो अक्का, बंद पडली तर मी ती कुणाला विकू?"

"दुकानात बंद पडली तर तुमची बॅटरी जाईल भाऊ. बागेत बंद पडली तर माझा पाय जाईल. एक तर घरात मोडून पडलेलाच शे."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. रतिलालभाऊंनी नाइलाजानं बादली भरून आणली. पिवळी बॅटरी पाण्यात गेली, तिच्यातून बुडबुडे निघाले आणि उजेड मिचमिचून गेला. रतिलालभाऊंचा चेहरा उतरला. मग त्यांनीच आतल्या फळीवरून एक काळी, बुटकी बॅटरी शोधून आणली. दिसायला अगदी मामुली. तिचं बटण जाड रबराखाली होतं. भागाबाईनं आटे उघडून रिंग पाहिली, सेल घातले, ती बुडवली. ती जळत राहिली. मग बाहेर काढून कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकली. खणकन आवाज झाला, पण उजेड हलला नाही.

"हीच द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मोटार चालू केली. पाणी चढलं, पण बागेच्या मधूनच फसफस आवाज यायला लागला. ती तिकडं गेली. रानडुकरांनी जमीन उकरून ठिबकची नळी जोडातून उपसली होती आणि पाणी माणूसभर उंच उडत होतं. तिथला पाणी बंद करायचा वॉल फिरवून पाहिला, तो जाम होता. मागं जाऊन मोटार बंद करावी, तर ती पुन्हा चालू करण्याआधी लाईट गेली तर? आजचं पाणी गेलं असतं.

तिनं पदर खोचला. बॅटरी काखेत दाबून नळी गुडघ्याखाली दुमडली, तसं पाणी थांबलं. पण जोड बसवायला जोर लावला आणि बॅटरी निसटून चारीतल्या गढूळ पाण्यात पडली. पण पाण्याच्या तळातून उजेड वर येत होता. पिवळसर, पण जोड दिसण्यापुरता पक्का. दात आवळून तिनं नळी आत दाबली. गुडघा उचलला. एक थेंबही गळला नाही.

उजाडता उजाडता ती चिखलानं माखून घरी आली. अभिमन खाटेवर उठून बसलेला. वाट बघून त्याचे डोळे लाल झाले होते. सगळं ऐकून तो म्हणाला, "उद्या जीवरामले धाडतो."

"तुमच्या भावाची बाग त्याच वेळेला प्यायची शे. उद्याही मीच जाईल."

अभिमननं तिच्या चिखलाच्या हातांकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "तो मधला वॉल जुना शे. जाताना ग्रीसचा डबा ने. स्टार्टरच्या पेटीमागं ठेवेल शे."

"किती लावू?" तिनं विचारलं, आणि हात धुवायला गेली.