गिरणी-चौकातला अडेल सिग्नल

ब्रायर्टनच्या गिरणी-चौकातल्या सिग्नलला मोटरसायकलवाल्यांचं वावडं होतं. रस्त्याच्या डांबराखाली तारेचं वेटोळं पुरलेलं. त्यावर ट्रक आला, ट्रॅक्टर आला, पाद्रीबाईंची खटारा मोटार आली, की सिग्नल लगेच हिरवा. एकटीदुकटी बाईक आली की मात्र ढिम्म. बाईकमध्ये लोखंड ते केवढं, त्या तारेला पत्ताच लागायचा नाही. मागून एखादी मोटार येईपर्यंत बसा जप करत!

ट्रूडी ओल्झेव्स्कीच्या तर हे पोटावर आलं होतं. ती शाळेची बस चालवायची आणि पहाटे डेपोवर जायची ती आपल्या बाईकवरून. त्या वेळी गावात कुत्रं जागं नसतं, मोटार कुठून येणार? आणि डेपो नदीपलीकडे, पूल एकच, तो नेमका या सिग्नलच्या पुढे. दोनदा वाट पाहून पाहून तिनं लाल तोडला आणि दोन्ही वेळा पोलीस डेप्युटी लॉयल समोर हजर. हाच लॉयल लहानपणी तिच्या बसमध्ये शर्टाच्या बाहीला नाक पुसायचा. "मिस ट्रूडी, माफ करा हं," म्हणत त्यानं दंडाची पावती फाडली. शाळेनंही बजावून ठेवलं होतं, की तिसरी पावती आली तर बसची किल्ली टेबलावर ठेवा आणि घरी जा.

ट्रूडीला आधार एकच, राइडर्स हक्क संघटनेची ब्रायर्टन शाखा. या शाखेची सभा म्हणजे तासभर हेल्मेटवर भांडण आणि मग पातेलंभर चिलीवर, म्हणजे राजमा-खिम्याच्या झणझणीत रश्श्यावर, ताव. पण माणसं सोन्यासारखी. नाताळात अनाथाश्रमाला खेळणी पोचवणार, कुणाची बाईक बंद पडली तर सगळा ताफा थांबवणार. त्यांनी राजधानीत खेटे घालघालून एक विधेयक मांडून घेतलं होतं: सिग्नल बाईकला ओळखत नसेल, तर थांबावं, दोन्हीकडे बघावं आणि जावं. साधी गोष्ट! पण वाहतूक समितीचे अध्यक्ष सिनेटर हॅवरलँड त्यावर मांडी ठोकून बसले होते. त्यांच्या मते ही सगळी नियम मोडायची निमित्तं. शेवटी शनिवारी चर्चच्या ॲपल-पायच्या, म्हणजे सफरचंद भरून भाजलेल्या गोड पदार्थाच्या, स्पर्धेला परीक्षक म्हणून येताना चौकात थांबून प्रात्यक्षिक बघायला ते कसेबसे राजी झाले.

ट्रूडीनं सगळ्यांना बजावलं, "मी एकटी येणार. कुणीही माझ्या मागे यायचं नाही."

म्हणून शनिवारी सगळेच्या सगळे आले. बाईका घासूनपुसून लखलखीत, दाढ्या विंचरलेल्या. पुढे शाखाप्रमुख एल्मर, मागे दोघा-दोघांच्या रांगेत अख्खी शाखा. ट्रूडी लाल दिव्यापाशी थांबली आणि हे महाभाग तिच्या मागे चाकाला चाक लावून उभे राहिले. डांबराखालच्या तारेला एवढं लोखंड जन्मात मिळालं नसेल. सिग्नल चटकन हिरवा झाला.

आणि शाखेनं टाळ्या वाजवल्या! हॉर्न वाजवले! एल्मरनं तर मूठ वर केली.

"अरे मेल्यांनो, हिरवा झाला तर आपण हरलो ना!" ट्रूडी ओरडली.

वळसा घालून पुन्हा आले. पुन्हा हिरवा. फुटपाथवर उभ्या सिनेटरांनी घड्याळ पाहिलं. "छान चालतोय की तुमचा सिग्नल. राजधानीतसुद्धा इतका तत्पर नाही."

ट्रूडीच्या अंगाची लाही लाही झाली. ती बाईकवरून उतरून एल्मरसमोर उभी राहिली. "वरातीला आलात का रे? निघा सगळे! त्या खानावळीच्या आवारात जाऊन उभे राहा."

"आपल्यात कुणाला एकटं सोडायची रीत नाही, बाई," एल्मर कळवळून म्हणाला.

"तुमच्या या मायेपायी माझी नोकरी जाईल, एल्मर."

तेव्हा कुठे ते हलले. जाता जाता एल्मरनं दोन माणसं मागच्या रस्त्यावर ठेवली, मोटारी अडवायला. प्रेतयात्रेला अडवतात तशा त्यांनी अडवल्या, आणि मका घेऊन चाललेल्या एकानं ट्रक थांबवून टोपीही काढली.

सिनेटर निघायच्या बेतात होते. ट्रूडी म्हणाली, "मागे बसा, सिनेटर. पुलापलीकडेच तर चर्च आहे, सोडते तुम्हाला."

पलीकडून चर्चच्या बायका बघत होत्या. नाही म्हणायची सोय राहिली नाही. कोट-टायवर हेल्मेट चढवून सिनेटर मागे बसले. बाईक लाल दिव्याखाली उभी राहिली आणि राहिलीच. आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. सिनेटरांना घाम फुटला.

"होईल आता," ते म्हणाले.

"होईल की," ट्रूडी म्हणाली.

चर्चची घंटा झाली. पलीकडून एक बाई ओरडली, "सिनेटर, ॲपल-पाय गार होतायत!"

"अहो, कुणी नाहीये, घाला पुढे!"

"लाल आहे, सिनेटर."

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही सांगाल हो. पण पावती चालवणाऱ्याच्या नावानं फाटते." तिनं मान वळवली. "आणि तिसरी फाटली की बस गेली. माझ्या रस्त्याच्या टोकाला एक पोर अंधारात एकटी उभी असते. आई रात्रपाळीवरून आलेली नसते. मी तिच्यासाठी थांबते. दुसरा कुणी हॉर्न मारून निघून जाईल. म्हणून मी हलणार नाही, तुमचे ते ॲपल-पाय गोठले तरी चालतील!"

सिनेटरांनी मान वर करून पाहिलं. दिवा लालच होता. मग ते खाली उतरले, पुढे आले आणि म्हणाले, "सरका मागे. तरुणपणी चालवलीय मी, लायसन्सही आहे अजून. पावती आली तर माझ्या नावानं येईल."

हिसके देत, डुलत, सिनेटर लाल दिव्यातून पार झाले. पलीकडे पोचतात न पोचतात तोच भोंगा वाजला. लॉयल उतरला, समोर कोण ते पाहून पांढराफटक पडला, पण पावतीपुस्तक काढलंच. पोरगा तत्त्वाचा पक्का.

"सर, सिग्नल का तोडलात?"

"कारण तो हिरवा होतच नव्हता!" सिनेटर गरजले, आणि आपलाच आवाज ऐकून क्षणभर तोंड उघडं ठेवून उभे राहिले. खानावळीच्या आवारातून अख्खी शाखा श्वास रोखून बघत होती. लॉयलनं पेन उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"म्हणजे, सर... या वेळी सोडून देऊ का?"

"खबरदार सोडलंस तर!" सिनेटर म्हणाले. "नीट लिही, सुवाच्य लिही. किती वेळ थांबलो तेही लिही. मंगळवारी समितीपुढे मला ती मोठ्यानं वाचायचीय."

पहिल्या दोन पावत्यांना ट्रूडीनं डोळ्यांत टिपूस आणलं नव्हतं. या तिसरीला मात्र ती भर रस्त्यात, सगळ्या शाखेदेखत ढसाढसा रडली, आणि ती तर तिच्या नावावरही नव्हती.