झाकला नंबर

गाड्यांचं सामान विकणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत वहिनी सकाळपासून काळ्या काचा वाकवत बसली होती. काच म्हणायची एवढंच. असायचं ते अ‍ॅक्रिलिक. तापलेल्या तारेवर त्याची कड धरायची, मऊ झाली की लाकडी साच्यावर दाबायची, गार झाली की कानशीने कोपरे गोल करायचे. असं झाकण गाडीच्या नंबर प्लेटवर बसवलं की अगदी जवळून नंबराचा भास व्हायचा, आणि चार पावलं मागे सरकलं की नुसता काळा चौकोन उरायचा. दुकानात त्याला ‘काळी’ म्हणत. जरा आरपार दिसणारी असली तर ‘धुरकट’. आणि नंबराची कडेची अक्षरं गिळून टाकणारी चकचकीत चौकट, ती ‘फ्रेम’.

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे, म्हणून आपणही म्हणू. तिच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणत. काळी बनवायची वहिनीने आणि गाडीला बसवायची दादाने, अशी कामाची वाटणी होती. दुकान दादाच्या वडिलांनी काढलं होतं, आणि दुकानाबरोबर त्यांनी मुलाला एक नियमही दिला होता: गिऱ्हाइकाचा नंबर बघायचा नाही. न्हाव्याने जसं गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघू नये, तसं. दादा हा नियम धर्मासारखा पाळायचा. स्क्रू पिळताना मान वळवून तो दुसरीकडे बघायचा. गल्लीतल्या निम्म्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, पण एकीचाही नंबर त्याला सांगता आला नसता. गाड्या तो झाकणावरून ओळखायचा. डॉक्टरांची धुरकट, वकिलांची सोनेरी फ्रेम, कंत्राटदाराची दुहेरी काळी.

हे लोक काही चोर नव्हते. कुणाला सिग्नल चुकल्याची पावती घरी यायला नको होती, कुणाला वेगाच्या कॅमेऱ्याची धास्ती होती आणि पुष्कळांना शेजाऱ्याने लावली म्हणून लावायची होती.

थोड्याच दिवसांपूर्वी कायदा कडक झाला होता. नंबर प्लेटवर काच, जाळी, रंगीत कागद, अक्षरं झाकणारी फ्रेम, काहीही चालणार नाही. लावणाऱ्याला दंड आणि विकणाऱ्यालाही. हवालदार स्वतः येऊन दुकानासमोरच्या खांबावर कागद चिकटवून गेला होता. चिकटवून झाल्यावर त्याने आत बसून चहा घेतला.

“हवालदारसाहेब,” दादा म्हणाला होता, “तुमच्या मोटारसायकलची फ्रेम खडखडतेय. घट्ट करून देऊ?”

“दे. पण हळू बोल की! कागदाची खळसुद्धा वाळली नाही अजून.”

बसलेली सगळी मंडळी पोट धरून हसली. दादाने वर जोडलं, “झाकली मूठ सव्वा लाखाची, तर झाकला नंबर दीड लाखाचा!” हवालदारही हसला. त्यानंतर काळीचा खप वाढला. ज्यावर बंदी येते ती वस्तू नक्की गुणाची असणार, असं लोकांना वाटतं.

त्या सकाळी दादाचा धाकटा भाऊ कामावर गेला आणि थोड्याच वेळात परत आला. औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम करणारा साधा, हसरा मुलगा. आईच्या गुडघ्याला रोज तेल चोळून द्यायचा. त्याची राखाडी गाडी मागच्या अंगणात शिरली ती नेहमीसारखी हॉर्न न वाजवता. मागच्या दाराने तो वहिनीच्या खोलीत आला. हातात गाडीच्या पुढची काळी होती. ती तडकली होती आणि तिचा एक कोपरा गायब होता.

“वहिनी, नवी करून दे ना. आत्ता. मापाला ही घे.”

“काय झालं हो भावोजी?”

“दगड उडाला. ट्रकच्या चाकातून.”

“बंपरला लागलं का?”

“थोडंसं.” त्याने ती तुटकी काळी तिच्या टेबलावर ठेवली आणि मोरीत जाऊन हात धुतले. बाहेर आला, पुसले, आणि पुन्हा धुवायला गेला. सासूबाईंनी चहा पुढे केला. तो कपाकडे बघत राहिला आणि चहावर साय धरली.

वहिनीने काळी वाकवली. दादाने अंगणात जाऊन, मान वळवून, ती बसवली. धाकटा आतल्या खोलीत जाऊन झोपला. “अंगात कणकण आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

बातमी दुकानात आली ती एका गिऱ्हाइकाबरोबर. पलीकडच्या चौकातल्या इस्त्रीवालीला गाडीने उडवलं होतं. नवराबायको तिथे टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करत. ती धुतलेल्या चादरींचं गाठोडं घेऊन रस्ता ओलांडत होती. गाडी क्षणभर थबकली आणि मग निघून गेली.

“नंबर?” दादाने नकळत विचारलं आणि लगेच ओठ मिटले.

“कसला नंबर! तुझीच कृपा असेल,” गिऱ्हाईक डोळा मिचकावून म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही.

दुपारच्या आत हवालदार आला. चहा नको म्हणाला. खिशातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्याने गल्ल्यावर ठेवली. काळ्या अ‍ॅक्रिलिकचा तळहाताएवढा तुकडा. एका बाजूचा कोपरा गोल घासलेला.

“चादरींत सापडला. तुमचा माल आहे?”

दादाने तो हातात घेतला नाही. “असले सगळीकडे मिळतात, साहेब. पुढच्या रस्त्याला चार दुकानं आहेत.”

“राखाडी गाडी. कुणाची असेल?”

“राखाडी गाड्या छप्पन्न आहेत.”

मागच्या खोलीचा पडदा अर्धा उघडा होता. वहिनीला तिच्या जागेवरून गल्ला दिसत होता, गल्ल्यावरचा तुकडा दिसत होता, आणि नजर खाली वळवली की टेबलावरची तुटकी काळीही दिसत होती. तिचा एकच कोपरा नव्हता. जोडून बघायचीही गरज नव्हती. हीटरची तार लाल होऊन तशीच जळत राहिली. हवालदार गेला तेव्हा खोलीत करपल्याचा वास भरला होता.

तिने आतल्या खोलीचं दार ढकललं. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“भावोजी, उठा. माझ्याकडे बघा.”

तो उठून बसला. सासूबाई मागोमाग आल्या, दादा दारात येऊन उभा राहिला.

“दगड नव्हता ना?”

त्याने मान हलवली. मग एकदम बोलू लागला. “मी थांबत होतो, वहिनी. आईची शपथ. ब्रेक मारला होता, दारसुद्धा उघडलं होतं. ती बाई हात वर करत होती. आणि मग मनात आलं, नंबर तर दिसतच नाही. कुणाला कळणारच नाही, तर थांबायचं कशाला? एवढंच आलं मनात. पाय आपोआप दाबला गेला.”

वहिनीला वाटलं, आपल्याला कुणीतरी हळूच दरीच्या कडेला नेऊन उभं केलंय. हा मुलगा थांबणारा होता. उघड्या नंबराच्या गाडीत तो नक्की थांबला असता, त्या बाईला उचलून दवाखान्यात घेऊन गेला असता, रडला असता, दंड भरला असता. त्याच्यात आणि त्याच्या चांगुलपणात जो काळा चौकोन आडवा आला, तो तिने वाकवला होता. कोपरे घासून गोलही केले होते, गिऱ्हाइकाचा हात कापू नये म्हणून.

“झालं ते झालं,” सासूबाई म्हणाल्या. “आपलेच दात, आपलेच ओठ. सूनबाई, ती तुटकी वस्तू चुलीत घाल आणि पोटात ठेव हे.”

“आई, ती बाई दवाखान्यात आहे.”

“डॉक्टर आहेत ना तिथे? आपण जाऊन काय दिवे लावणार? माझा मुलगा तुरुंगात गेला तर तिचं हाड जुळणार आहे का?”

“अहो, तुम्ही तरी बोला.” वहिनी नवऱ्याकडे वळली.

दादा म्हणाला, “मी काही बघितलेलं नाही. मी नंबरही बघितला नाही कधी.” आणि तो दुकानात निघून गेला.

तेवढ्यात बाहेर हाक आली. “दादा, आहात का?”

इस्त्रीवाला होता. दवाखान्यातून थेट आला असावा. सदऱ्याच्या बाहीवर वाळलेलं रक्त होतं. तो कधी दुकानाच्या पायरीवर चढत नसे, आजही खालीच उभा राहिला.

“तुम्ही सगळ्या गाड्या ओळखता, दादा, म्हणून आलो. मी समोरच उभा होतो हो, हातात इस्त्री घेऊन. गाडी समोरून येताना काळं, जाताना मागूनही काळं. मला वाचता येतं. मोठी अक्षरं तर लांबूनसुद्धा येतात. पण वाचायला काही ठेवलंच नव्हतं तिथे.”

दादा स्क्रूचा डबा उगीच खालीवर करत राहिला. “कशी आहे?”

“डॉक्टर म्हणतात, फार रक्त गेलं. रस्त्यावर पडून होती ना. पोलीस येईपर्यंत कुणी हात लावेना, आपल्यावर येईल म्हणून. त्याच गाडीत घालून आणली असती तर गोष्ट वेगळी होती, म्हणतात. मला भांडायचं नाही कुणाशी. फक्त विचारायचंय, तो थांबला होता ना? मी बघितलं, दार उघडलं होतं त्याने. मग गेला का?”

दादाने ड्रिल मशीन उचललं आणि समोर कुठलीच गाडी नसताना ते चालू केलं. त्या घरघरीत पुढचे शब्द बुडून गेले. इस्त्रीवाला हात जोडून परत वळला.

वहिनी मागच्या खोलीत गेली. तिने हीटर बंद केला. तुटकी काळी तिने वर्तमानपत्रातही गुंडाळली नाही, तशीच हातात घेतली. सासूबाई दारात आडव्या उभ्या होत्या.

“या दारातून बाहेर पडलीस तर परत येताना ते उघडं असेल असं समजू नकोस.”

“आई, बाजूला व्हा.”

“सख्ख्या दिराचा गळा कापतेस! तुझ्या हातचं खाऊन वाढला तो.”

“म्हणूनच चाललेय. आज वाचला तर पुढच्या वेळी दारसुद्धा उघडणार नाही हा मुलगा. तुमच्या मुलाला मी तुरुंगात घालत नाहीये हो. तो केव्हाच कुठेतरी गेलाय, त्याला परत आणायला चाललेय.”

सासूबाई दारातून सरकून भिंतीला टेकल्या. वहिनी दुकानातून, दादाच्या समोरून गेली. ड्रिल चालूच होतं. त्याने मान दुसरीकडे वळवली.

चौकीत हवालदार एकटाच होता. वहिनीने काळी टेबलावर ठेवली. त्याने रुमालातला तुकडा काढून तिला लावला. चीर सांधली गेली, केसाएवढीही फट उरली नाही.

“कुणाची?”

“माझ्या धाकट्या दिराची. गाडी अंगणात उभी आहे. तिच्यावर आज सकाळी नवी बसवली, तीही मीच केली.”

हवालदार उठला, दार लोटून आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, घरातला मामला आहे. उद्या तुम्हालाच जड जाईल. एक करू. ‘निनावी खबर मिळाली’ असं लिहितो. तुमचं नाव कुठेच येणार नाही. कुणाला कळणार नाही.”

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. एवढी चांगुलपणाची सूचना होती, आणि ती ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

“साहेब, कुणाला कळणार नाही, एवढ्यावरच तो सकाळी गेला ना निघून? नाव लिहा माझं. पूर्ण लिहा. आणि झाकण बनवणारी म्हणून जो काही दंड असेल, तोही खाली लिहा.”

इस्त्रीवाली संध्याकाळी वारली. धाकट्याने चौकीत सगळं कबूल केलं. पोलिसांनी गाडीवरची नवी काळी काढली, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्या गाडीचा नंबर पहिल्यांदा वाचला. काहींनी घरी जाऊन आपापल्या गाड्यांच्या काळ्या काढल्या. पुष्कळांनी काढल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, आमची वेगळी गोष्ट आहे.

सासूबाईंनी दार बंद केलं नाही, पण त्या सुनेशी बोलतही नाहीत. दादा दुकान उघडतो आणि स्टुलावर बसून राहतो. वहिनीने साचा फोडून टाकला आहे.

परवा एक माणूस नवी कोरी गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर दोन लहान मुली खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

“वहिनी, पुढच्या-मागच्या दोन काळ्या द्या.”

“नाही मिळणार.”

“संपल्या?”

“आहेत. पण विकत नाही. का, ते सांगू?”

“राहू द्या, घाई आहे. पुढच्या दुकानात घेतो.” त्याने हसून गाडी मागे घेतली. मुलींनी वहिनीला हात हलवला.

वहिनीने वळून नवऱ्याकडे बघितलं. तो उठला नाही, पण या वेळी त्याने मानही वळवली नाही. मग तिने पायात चपला सरकवल्या, पायरी उतरली आणि त्या गाडीच्या मागोमाग पुढच्या दुकानाकडे चालू लागली.