सोळा एप्रिलचं पान

एक्क्याण्णवच्या तारेला ओवलेलं पंधरा एप्रिलचं पान होतं, आणि त्याला लागून सतराचं. मधे बोटाला काहीच लागत नव्हतं. धुरपदानं बोट पुन्हा मागं नेलं... चौदा, पंधरा, सतरा. जोंधळ्याच्या कणसातला एकच दाणा पाखरानं टिपावा आणि कणीस मात्र तसंच उभं असावं, तसं. पान फाटून गळालं असतं तर तारेत चिटोरा अडकला असता. चिटोरा नव्हता. म्हणजे वरची पानं एकेक करून उतरवली, ते एक घेतलं, बाकीची पुन्हा ओळीनं ओवली. सवडीनं केलेलं काम. घरात तिघंच माणसं. दत्ताला तर तारीखसुद्धा मोबाइलात बघायची सवय... म्हणजे सूनच. अपेक्षा.

आणि ती तर केव्हाच फाट्यावर जाऊन कंपनीच्या बसमध्ये बसली होती.

बियाण्याच्या दुकानातून दरसाल तारखेचा गठ्ठा मिळे. रोज एक पान फाडायचं. पुढं छापलेलं असे, की आजच्या दिवशी जगात काय झालं: बारा जुलै, पानशेत फुटलं, अकरा डिसेंबर, कोयनेला भूकंप. मागची बाजू कोरी, ती धुरपदाची. चौथी शिकलेल्या हातानं ती लिही, गाय भरवली, मोटर जळाली, दत्ताला दात आला. मग पान तारेत. एका सालाला एक तार, अशा तारा माळवदाखालच्या खुंटीला टांगलेल्या. एक्क्याण्णवच्या तारेतल्या सोळा एप्रिलच्या पाठीवर मात्र एकच शब्द होता — दौंड. दरवर्षी ह्या दिवशी ती त्या पानाला नुसतं बोट लावून येई, देवाला लावावं तसं. वाचत नसे.

झेंडूत शिरली तरी मन तारेतच. फुलाची मान मोडायची, ओटीत टाकायचं. हाताला ते पाठ होतं. पण पोरीनं तेच पान का घ्यावं? तीनशे पासष्टातलं तेच? गेल्या महिन्यात दुपारी माळवदाखाली बसलेली होती, मी गेले तर म्हणाली, जाळी झाडतेय. जाळी झाडायला खाली बसतात होय? आणि परवा विहिरीपाशी फोनवर बोलत होती ती मला बघून एकदम म्हणाली, ठेवते. कोणाला ठेवते?... दत्ता आठवड्यामागं तिला म्हणाला होता, कंपनी सोड, फुलं तोडायला माणूस मिळत न्हाई. तिनं ताटातली भाकरी मोडली होती, बोलली काहीच नव्हती. न बोलणारी बाई आत काय बांधत असते, हे धुरपदाला कुणी शिकवायला नको होतं.

एक्क्याण्णव साली तीही बोलली नव्हती. तिची कपिला, वासरापासून वाढवलेली गाय, मालकांनी तिला न विचारता विकली तेव्हा. रिकाम्या दावणीला तिनं शेणाचा हात फिरवला, दत्ताला जावेकडे ठेवलं, आणि शिरूरला एसटी बदलून न्हावऱ्यावरून दौंड गाठलं. कोपरगावला मावसबहीण होती. पुण्याहून आलेल्या गाडीत बसलीही... खिडकीशी, बोचकं मांडीवर. आणि मग ते इंजिन पुढून सुटलं, शेजारच्या रुळावरून गेलं, आणि मागच्या टोकाला येऊन लागलं. पुण्याच्या अंगाला. तिला वाटलं, एवढी लोखंडाची गाडी मागं फिरते, तिथं आपली काय कथा. उतरली. गाडी खरंच आल्या वाटेनं गेली, तिनं डोळ्यांनी पाहिलं. कितीतरी सालांनी कोपरगावचा एक पाहुणा सहज बोलून गेला, की दौंडला इंजिन उलटं लावावंच लागतं, मग गाडी वळून नगरकडं जाते. तेव्हा ती चुलीपुढं होती. भाकरी करपली.

मालकांना तिनं सांगितलं होतं, येमाईच्या देवळात बसले होते दिवसभर. ते ‘बरं’ म्हणाले. त्यानंतर दावणीचं जनावर त्यांनी तिला विचारल्याशिवाय कधी विकलं नाही... का, ते तिनं विचारलं नाही, आणि आता तेही राहिले नाहीत सांगायला.

ओठावर आपसूक ओवी आली,

लोखंडाच्या वाटंवर पाऊल उमटंना
गेली कोण, आली कोण, रूळ कुणा सांगंना

रूळ सांगत नाहीत, कागद सांगतो. एवढा एक शब्द तरी कशाला लिहिला मी? आता ही पोरगी दत्ताला सांगणार. आईसारखी राहा म्हणून तू मला धाक घालतोस ना, मग ऐक...

दिवस कलता अपेक्षा आली. चप्पल काढायच्या आतच धुरपदा म्हणाली, “तारेतलं पान तू घेतलंस?”

“व्हय की आत्या. गेटावरच्या बोर्डावर आजचा दिनविशेष लिवायची पाळी माझी होती. मोबाइलात प्रत्येक जण येगळंच सांगतंय. हे बगा.” तिनं पर्समधून पान काढलं. घडी घातलेली नव्हती. “आठराशे त्रेपन्न. बोरीबंदर ते ठाणं, पयली आगगाडी. सायेब म्हनला, व्वा!”

पुढची बाजूच दाखवली तिनं. धुरपदानं पान घेतलं. मागची बाजू तळहाताला गरम लागली.

“मागं दौंड लिवलंय,” अपेक्षा डोक्यावरचा पदर झटकत म्हणाली. “काय होतं दौंडला?”

“बी आणाय गेल्ते.”

“शिरूरात मिळत नव्हतं व्हय बी?” ती हसली. हसणं साधं होतं की नव्हतं... मग घागरीतलं पाणी पेल्यात ओतता ओतता, जणू त्या पाण्यालाच विचारावं तसं म्हणाली, “तिथनं नगरकडं गाड्या कवा कवा असत्यात वो?”

पेला भरून वाहिला. दोघींनीही पुसलं नाही.

दिवसभराचा संशय धुरपदाच्या अंगात गर्रकन वळला. मी माझं झाकत बसले, आणि हिला स्वतःलाच जायचंय, पान मला उघडं पाडायला घेतलंच नव्हतं. की होतं? ‘मला काय ठावं’ म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि कानावर आला तो आपलाच आवाज,

“तिथं इंजिन मागनं लागतं. गाडी माघारी निघाली असं वाटतं. ...वाटलं तरी उतरायचं न्हाई.”

अपेक्षानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. मग हलकेच म्हणाली, “आता न्हाई बदलत इंजिन, आत्या. बाहेरनं नवी लाईन टाकलीय. सरळ जाती गाडी.”

हे हिला कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कशाला विचारलं हिनं... प्रश्न ओळीनं उभे राहिले, पण सकाळची धार एकालाही नव्हती. धुरपदानं तार खाली घेतली, सतरापर्यंतची पानं उतरवली, आणि हातातलं पान ओवायचं सोडून तशीच बसली. ओवलं तर सगळं जागच्या जागी जाणार होतं.

लांब वळणावर दत्ताचा पिकअप वाजला. तार हातात धरून ती ऐकत राहिली, आणि तो आवाज घराकडं येतोय की घरापासून जातोय, हे तिला कळेना.