बहिणीच्या हातचं मापटं

मी पितळेचं मापटं बोलतोय. तमिळनाडूत कांगेयमजवळच्या, वेळ्ळाळ जातीच्या एका शेतकऱ्याच्या घरातलं. काठ झिजलाय, बुडाला पोचा आलाय, पण तब्येत ठणठणीत आहे.

म्हातारे सांगतात, जगात पहिल्यांदा भूक आली तेव्हा या लोकांचा मूळपुरुष हातात नांगर घेऊन जमिनीतून वर आला. तेव्हा मी नव्हतो, म्हणून शपथ घेत नाही. पण आमच्या घरी लग्न असलं की साळीनं शिगोशीग भरलेला मी मांडवात लागतोच, हे पाच पिढ्या पाहिलंय. आणि मला भरून आणायचं ते नवरदेवाच्या बहिणीनंच. तुमच्याकडे नवरी माप पायानं लवंडते म्हणे! इथे एक दाणा सांडला तरी बायका नाकं मुरडतात.

सहा वर्षांपूर्वी घरच्या मुलानं, चेन्नियप्पननं, नवं घर बांधलं आणि मला भंगारात काढलं. त्याची थोरली बहीण पूवात्ताळ माहेरी आली होती. तिनं मला भंगारवाल्याच्या पोत्यातून ओढून काढलं.

"आईच्या हातचं हे! लाज नाही वाटत?"

"एवढा पुळका असेल तर घेऊन जा. आणि तूही परत इकडे फिरकू नकोस!"

ती मला घेऊन सासरी गेली, ती खरंच फिरकली नाही. मला मात्र दर शुक्रवारी चिंच लावून घासायची.

मग चेन्नियप्पनचं लग्न ठरलं. पत्रिका चुलत्यानं पूवात्ताळला आणून दिली, सोबत निरोप : विधीला चुलतबहीण उभी राहील. त्या दिवशी पूवात्ताळनं मला इतकं घासलं की माझी सालटी निघायची बाकी होती.

लग्नाच्या आदल्या दुपारी दारात मोटारसायकल थांबली.

"अक्का, मापटं न्यायला आलोय," चेन्नियप्पन जमिनीकडे बघत म्हणाला. "स्टीलचा नवा डबा दाखवला, तर लग्न लावणारे म्हातारे म्हणाले, यातून ताक पी."

"ने की. कोपऱ्यात आहे."

तो वाकला, मला हात लावला आणि तसाच थांबला.

"रिकामं कसं नेऊ?"

"चुलतबहीण आहे ना भरायला!"

"ती भरेल गं. पण ते तू भरलेलं नाहीस, हे मला जन्मभर दिसेल. चुकलो, अक्का."

  पूवात्ताळनं कणगीचं झाकण काढलं आणि मला भरायला घेतलं. साळीवर टपटप पाणी पडत होतं. ओली साळ मापात घ्यायची नसते, पण त्या दिवशी मी चालवून घेतलं.

मोटारसायकलवर मी तिच्या मांडीवर होतो.

"हळू! दाणा सांडला तर इथेच उतरेन."

"अक्का, बैलगाड्या पुढे चालल्यात!"

"जाऊ देत. त्यांचं नाही लग्न."

एकही दाणा सांडला नाही. लग्न उरकल्यावर तिनं मला त्याच्यापुढे ठेवलं. "घे, तुझ्या घरचं."

त्यानं मला परत तिच्याकडे सरकवलं. "तुझ्याकडेच असू दे. म्हणजे पुढच्या कार्याला मला तुझ्या दारात यावंच लागेल."

आता मी पुन्हा पूवात्ताळच्या कणगीवर बसलोय. भट्टीत वितळायचा होतो, तो मानाचा पाहुणा झालो. तिच्या त्या दोन हातांचे उपकार मी कुठल्या मापानं मोजू?

तुमच्याही घरी एखादं जुनं भांडं अडगळीत पडलं असेल. टाकून देण्याआधी एकदा बहिणीला विचारा. आणि विचारायला स्वतः जा.