दाखवायची शेगडी

घरात सरकारी योजनांचा जाणकार एकच, तो म्हणजे थोरला. धंद्याने वेल्डर, पण छतावरच्या सौरऊर्जेचं अनुदान त्याला तोंडपाठ होतं. पहिल्या दोन किलोवॅटला सरकारचा हात सैल, पुढे आखडता, आणि एका मीटरला अनुदान एकदाच.

"चारही किलोवॅट एका मीटरवर लावले तर आपल्यासारखे वेडे आपणच," तो जेवताना धाकट्याला म्हणाला. "दोन मीटर घ्यायचे, दोन-दोन लावायचे. पूर्ण अनुदान दोनदा!"

धाकटा बस चालवायचा. दादाचं ऐकायची त्याला लहानपणापासून सवय. "पण दुसऱ्या मीटरला बिऱ्हाड वेगळं लागतं ना?"

"दाखवायला रे! मागच्या खोलीत स्वयंपाकघर दिसलं की झालं. पाहणीला माणूस एकदाच येतो. पैसे जमा झाले की पुन्हा सगळे इथेच."

थोरल्याचं दिवसभरातलं खरं सुख हेच होतं. रात्री भावासमोर बसायचं, तो नको नको म्हणत असताना त्याच्या ताटात वाढायचं आणि बसमधल्या प्रवाशांच्या गमती ऐकायच्या. आई-वडील गेल्यावरही त्याने ती एकत्र पंगत मोडू दिली नव्हती.

मागच्या खोलीतला ओटा आणि लोखंडी मांडणी त्याने स्वतःच्या हाताने जोडली. "अहो, सोंगाला एवढं पक्कं कशाला?" बायकोने विचारलं.

"कच्चं काम आपल्या हातून होत नाही," तो ऐटीत म्हणाला.

छतावर पॅनल चढले, पण पाहणीची तारीख काही कोणी सांगेना. माणूस कधीही टपकेल आणि शेगडी थंड दिसली तर पंचाईत, म्हणून धाकट्याची बायको रोज तिथेच रांधू लागली. इतकी वर्षं "वहिनी, मीठ किती घालू?" असं विचारणारी ती आता कुणाला न विचारता मीठ घालत होती. गरम आहे तोवर जेवून घ्या म्हणून धाकटाही तिथेच बसू लागला. थोरल्याने मनाची समजूत घातली, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

चार दिवसांचे चार महिने झाले. शेवटी पाहणी झाली, दोन्ही अनुदानं जमा झाली. त्याच संध्याकाळी थोरला मांडणी कापायला ग्राइंडर घेऊन मागच्या खोलीत गेला. नवराबायको जेवत होते. बसमधली कसलीशी गंमत सांगून झाली होती, दोघं अजून हसत होते.

ग्राइंडर दिसताच हसू थांबलं. धाकट्याच्या बायकोने मान खाली घातली.

"दादा, राहू दे ना," धाकटा ताटाकडे बघत म्हणाला. "पुन्हा पाहणी होते म्हणतात."

धाकट्याला खोटं बोलणं कधीच जमलं नाही. पाहणी एकदाच होते, हे घरात त्यानेच तर सगळ्यांना सांगितलं होतं.

"होते," तो म्हणाला. "त्यांचा काय नेम, कधीही येतात."

वायर गुंडाळून निघताना त्याने मांडणीला हात लावून पाहिला. ती तसूभरही हलली नाही.