मोतीरामचा गळा

मानवी गळा ही सृष्टीची परमोच्च निर्मिती आहे. मंत्र, अभंग, अंगाई, प्रेमाची कबुली, सगळं या वीतभर नळीतून जगात आलं. मोतीरामच्या नळीतून मात्र बारा वर्षं फक्त चुलतभावाच्या नावानं शिव्या येत होत्या.

चुलतभाऊ म्हणजे पुंजा. मखमलाबादच्या शिवारात दोघांचे शेवंतीचे मळे शेजारी-शेजारी. मधल्या बांधावरची वाट कुणाची, यावरून भांडण. बोलणं बंद, शिव्या चालू. त्याही थेट पुंजाला नव्हे, त्याच्या बैलाला उद्देशून.

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्याच्या तोंडावर पुंजानं त्या वाटेवर आडवी तार ताणली. पहाटे मोतीराम फुलांच्या पाट्या लादून लुनावरून निघाला आणि तार थेट गळ्यावर बसली. लुना पुढे गेली, मोतीराम मागे राहिला.

तो उठला, धूळ झटकत घरी आला. रक्त नाही, नुसता वळ. आवाज तेवढा घोगरा.

"वरडून वरडून बसला आसंल," त्याची बायको नवसाबाई म्हणाली. "हळद-दूध घ्या अन् पडा गुमान." घरात एवढी शांतता तिला लग्नानंतर पहिल्यांदाच लाभत होती.

पलीकडे पुंजा कान देऊन उभा होता. एक शिवी आली, तीही अर्धीच. दुसरी आलीच नाही. तो बांध ओलांडून धावत आला.

"वहिनी, शिव्या देऊन याचा आवाज कधी बसत नाय, उलट मोकळा होतो. आत कायतरी फुटलंय."

"लय पुळका आलाय तुम्हाला!"

"पुळका कसला? तार माझी हाय. हा मेला तर मी आत जाईन."

पुंजानं बोलावलेल्या जीपमध्ये मोतीराम आडवा होईना. आडवं केलं की घरघर लागायची. गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टर शुभांगींनी विचारलं, "आवाज कधीपासून असा?"

"पहाटेपासून," पुंजा म्हणाला. "काल सांजच्याला माझ्या सात पिढ्या काढल्या, तवा खणखणीत होता."

डॉक्टरबाईंनी मान चाचपली. बोटांखाली कातडी कुरकुरली. "श्वासनलिका फाटलीय. हवा कातडीखाली शिरतेय. यांना निजवू नका, सूज वाढली तर श्वास कोंडेल. पूर्ण भूल देता येणार नाही. मानेपुरतं बधिर करून, बसवूनच फाटल्या जागेच्या खाली भोक पाडते आणि नळी घालते. धरा कुणीतरी."

पुंजानं धरलं. "हलू नको, मोत्या! मेलास तर मला लटकवतील."

मोतीरामनं नुसत्या डोळ्यांनी शिवी दिली. तेवढ्यात नळीतून फस्सकन श्वास आला. श्वासाची सोय झाल्यावर डॉक्टरबाईंनी त्याला भूल देऊन झोपवलं आणि फाटलेला भाग शिवला.

पुढे मोतीराम सावरल्यावर हवालदार जबाबाला आले. "नळीवर बोट दाबा, मग बोला," डॉक्टरबाईंनी शिकवलं. पुंजा कोपऱ्यात, पंख्याच्या बटणापाशी उभा.

"तार कुणी बांधली? घाबरू नका," हवालदार म्हणाले.

मोतीरामनं एक बोट नळीवर ठेवलं, दुसरं पुंजावर रोखलं. नवसाबाईनं तोंडाला पदर लावला. पुंजानं डोळे मिटले.

"याला..." खरखरत का होईना, आवाज आला. "याला म्हणावं, तेवढा पंखा बंद कर. भोकातून गार लागतंय."