फाळक्यावरचे तीन टन

मी वेल्डर मानूस. सौसरात पांढुर्ण्याच्या रस्त्यावर माहं दुकान हाये. अर्ध्या तालुक्याच्या ट्रॉल्या माह्या हातच्या, आनि या उत्तमनं मारलेला जोड उकलला असं कोनी म्हनून दाखवावं. पन ज्याच्यानं घात झाला ते वेल्डिंग नोव्हतंच. तो पेंट होता.

शहाऐंशी साली गुणवंता पाटलानं ट्रॉली करून घेतली. पांढुर्ण्याकडचा मानूस, कापूस आनि संत्रा दोन्ही घरचं. ट्रॉलीले एक्सल लावला जुना, दोन टन झेपन एवढाच. तो म्हने, "मले कापूसच तं नेयाचा हाये." ते बरोबर होतं. कापूस घराएवढा उंच भरा, काट्यावर पंधरा क्विंटल बी होत नाई. ट्रॉली तयार झाली तं म्हने, "मागच्या फाळक्यावर वजन तीन टन लिव."

"पाटील, एक्सल दोनचा हाये ना."

"अबे, भिवाजीच्या ट्रॉलीवर तीन लिवलं हाये! माह्यावर दोन दिसलं तं लोकं काय म्हनतीन? मोजाले कोन येते?"

मी हासलो आनि लिवलं. लाल रंगात, पिवळी बॉर्डर देऊन. लय सुंदर आकडा आला होता, आग लागो त्याले.

त्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर राहिला तो माहा जवाई, देवीदास. माह्या लहान्या बहिनीचा, इंदूचा नवरा. पाटलाजवळ शब्द मीच टाकला होता.

दोन वर्सं कापूस नेला, काई झालं नाई. मंग एका सकाळी पाटील माह्या दुकानात दुसऱ्या ट्रॉलीची ऑर्डर देऊन राहिला होता, आनि त्याची पिकअप संत्रे भरून नागपूरले निघालेली. दुकानासमोरच तिचं पुढचं चाक मोडलं. ओढून नेता येईना. पाटलानं देवीदासले ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन बोलावलं. म्हने, "गाडी संत्र्यासकट ट्रॉलीवर चढवा आनि नागपूरले न्या."

देवीदासनं काई डोळे मिटून काम नाई केलं. तो मोजून-मापून चालनारा मानूस. मलेच इचारलं, "भाऊ, रिकामी गाडी किती भरन?"

"पंधरा क्विंटल धरा."

"संत्रे दहा. म्हनजे पंचवीस झाले." तो मागं गेला, फाळक्यावर हात ठेवला. "तीन टनाचे तीस. पाच क्विंटलची जागा हाये अजून." आनि माह्याकडं पाहून हासला. "तुमच्या हातचं लिवलेलं हाये, मंग चिंता नाई."

मी पाटलाकडं पायलं. पाटलानं माह्याकडं पायलं. दोघायले माहीत होतं. मले वाटलं, मालक हाये, तोच बोलन. तो बी तसंच समजून राहिला असन. आनि खोटं कायले सांगू, दुसऱ्या ट्रॉलीची ऑर्डर माह्या डोक्शात होती. मी एवढंच म्हनलं, "पाटील, संत्रे तरी उतरवून घ्या ना."

"उतरवले-चढवले तं दबतीन. मार्केटात कोन घेईन मंग?"

झालं.

आनि मंग बेशरमावानी सल्ले देत बसलो. गाडीचं तोंड ट्रॅक्टरकडं ठेवा, इंजनाचं वजन मागं गेलं तं हुक वर उचलते. चारी चाकांले आडवे-उभे दोर बांधा. उतारावर पहिला गेअर सोडू नका. सारं खरंच सांगतलं. एक तेवढं सोडून.

नागपूरच्या वाटेवर, बोरगावच्या उतारावर एक्सल तुटला. ट्रॉली आडवी झाली, तिच्यासंगं ट्रॅक्टर उलटला, आनि देवीदासचे दोन्ही पाय खाली दबले. मी सायकलनं पोचलो तवा रस्ताभर संत्रे सांडले होते. लोकं झोल्यात भरून राहिले होते. म्यां दोघायले मारलं. त्यायची काय चूक होती!

तीन महिन्यानं त्याले नागपूरच्या दवाखान्यातून घरी आनलं. पाय हायेत, पन हालत नाईत. डॉक्टर म्हने, आता असंच. पाटलानं पोलिसाले लिवून देल्लं का ड्रायव्हरनं दोर ढिला बांधला. खाली देवीदासनं बी सही केली. मले म्हने, "असन ना भाऊ. बांधला तं मीच होता."

दर रविवारी मी जातो. इंदू चहा देते, देवीदास मलेच धीर देते. काल नाई राहवलं. म्हनलं, "जवाई, तो एक्सल दोन टनाचाच होता. तीन म्यां खोटं लिवलं. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तं तुमी आज चालले असते."

देवीदास हासला. खरंच हासला, माहा हात धरून. "मले बरं वाटावं म्हनून कायले सोताच्या माथी घेता, भाऊ? तुमी तसे मानूसच नाई."

"अगा, खरं सांगून राहिलो ना, बापा!"

"राहू द्या. अव इंदू, भाऊले अजून चहा दे."

इंदू दारात उभी होती. ती नाई हासली. तिनं माह्या हातातून अर्धा भरलेला कप घेतला, अंगनात ओतून देल्ला, आनि मले बाहेर बोलावलं.

"दादा, यायले खरं नाई वाटलं ते बरंच झालं," ती हळूच म्हने. "तुझ्यावरचा भरोसा, त्यायच्याजवळ आता तेवढंच राहिलं. तू इथं येत जाऊ नको."